सीएचजी-१ भरताना जरा कागद तरी वाचा!

पुन्हा तेच! कंपनीनं कर्जासाठी तारण दिलेल्या मालमत्तेवरचा बँकेचा बोजा, म्हणजे हक्क, नोंदवायचा फॉर्म म्हणजे सीएचजी-१. तो भरताना कर्जाच्या मंजुरीपत्रात रक्कम एक, तारणकरारात दुसरी, सीएचजी-१ मध्ये तिसरीच. करार झाल्याची तारीख सोडून पैसे मिळाल्याची टाकायची, जोडपत्रातलं मालमत्तेचं वर्णन असलेलं पानच गाळायचं. मग फॉर्म परत येणारच ना?

बोजा नोंदवायला ३० दिवस मिळतात. त्यातले निम्मे बँकेच्या डिजिटल सहीची वाट बघण्यात जातात! पुढे जादा शुल्क, ६० दिवसांनंतर आणखी, आणि १२० उलटले की कंपनी रजिस्ट्रारचं दार बंद. उद्या कंपनी अवसायनात निघाली, म्हणजे गुंडाळायची वेळ आली, तर तिची मालमत्ता विकून देणी भागवणारा लिक्विडेटर नोंद नसलेला बोजा जमेस धरत नाही. कोट्यवधींचं तारण असूनही बँक विनातारण कर्ज देणाऱ्यांच्या रांगेत! दहा मिनिटं द्या, तिन्ही कागद शेजारी ठेवून ताडून बघा. एवढंही जमू नये?