‘कितेब’ फिनिशियन नाही, आणि त्याचं व्याकरण इटालियन तर अजिबातच नाही

माल्टीज, म्हणजे भूमध्य समुद्रातल्या माल्टा या बेटाची भाषा, हिच्याबद्दल एक पोस्ट परत परत फॉरवर्ड होते. दावा असा की माल्टाचे लोक अजून फिनिशियनच (लेबनॉनच्या किनाऱ्यावरच्या प्राचीन व्यापाऱ्यांची, हिब्रूच्या जवळची भाषा) बोलतात, फक्त वर इटालियन व्याकरण चढलंय, आणि पुरावा म्हणून ‘कितेब म्हणजे लिहिणे’.

आधी अर्थच घ्या. कितेब म्हणजे ‘त्याने लिहिलं’. ‘लिहिणे’ असं सुटं रूप माल्टीजमध्ये नाहीच, म्हणून डिक्शनरीत हे भूतकाळातलं ‘तो’चं रूप देतात आणि पोस्टवाल्याने तिथूनच उचललेलं दिसतंय.

आता फिनिशियन. ते लोक माल्टात होते, वाद नाही, तिथे सापडलेल्या ग्रीक-फिनिशियन शिलालेखाच्या मदतीनेच १७५८ मध्ये फिनिशियन लिपी वाचता आली. आणि क-त-ब हा धातू (शब्दाचं मूळ) फिनिशियनमध्येही आहे, अरबीतही आहे (आपला ‘किताब’ त्यातलाच, फारसीमार्गे आलेला), म्हणून नुसत्या धातूवरून काहीच सिद्ध होत नाही, बघायचं ते क्रियापद चालतं कसं. माल्टीजमध्ये ‘मी लिहितो’ म्हणजे निक्तेब आणि ‘आम्ही लिहितो’ म्हणजे निक्तबू. एकवचनातल्या ‘मी’लाही सुरुवातीला ‘न’! कैरोत ‘मी लिहितो’ला बक्तिब म्हणतात, तिथे हा ‘न’ नाही, हिब्रूत नाही, फिनिशियनमध्येही नाही. तो आहे ट्युनिशियापासून मोरोक्कोपर्यंतच्या बोली अरबीत. ८७० मध्ये अरबांनी माल्टा घेतलं, त्यानंतर सिसिली आणि उत्तर आफ्रिकेकडची जी अरबी तिथे रुजली तिची ही सरळ खूण आहे.

राहिलं इटालियन व्याकरण. शब्द खूप आहेत, निम्म्याच्या आसपास शब्दसंग्रह सिसिलियन-इटालियन, ते मान्य. पण शब्द आले म्हणून व्याकरण आलं असं होत नाही ना! क्तिप्त (मी लिहिलं), कितबेत (तिने लिहिलं), क्तिबना (आम्ही लिहिलं), यातला स्वर कधी ‘क’नंतर येतो, कधी ‘त’नंतर सरकतो, इटालियनमध्ये असलं काही दाखवा. उलट बाहेरून आलेलं क्रियापदच इथल्या साच्यात बसवतात. इंग्रजी ‘पार्क’चं झालं इप्पार्क्या. आपण मराठीत ‘पार्क केली’ म्हणतो, मदतीला ‘करणे’ घेतो, माल्टीजवाले ते सरळ कितेबसारखं चालवतात: मी पार्क करतो निप्पार्क्या, आम्ही पार्क करतो निप्पार्क्याऊ. तोच ‘न’, आणि अनेकवचनाची खूण तशीच शेवटी.