सिव्हिलची भीती

केरळात निपाहचा रुग्ण सापडल्याची बातमी फिरायला लागली की आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वाद पेटतो. परवाही पेटला. सुरुवात केळीवरून झाली. निपाह वटवाघळांपासून येतो, वटवाघळं फळं खातात, तेव्हा केळी खाऊ नका, असा मेसेज कुणीतरी पुढे ढकलला. रावेरचा मामेभाऊ केळी लावतो. त्याने लिहिलं, "अरे, घड आम्ही हिरवा कापतो, झाडावर पिकू कुठे देतो?" त्याचं कुणी ऐकलं नाही. मग धुळ्याचा चुलत भाऊ म्हणाला, आपले लोक अडाणी, अफवांवर जगतात. उद्या साथ आलीच तर पोलीस लावून एकेकाला उचलून दवाखान्यात टाकलं पाहिजे. त्यावर काकांनी एकच ओळ लिहिली: "टाकलेली माणसं परत येत नाहीत, वीस साली पाहिलंय." थोड्या वेळाने धुळ्याच्या भावाचा मला मेसेज आला, "ताई, तुमचं बरं आहे कॅनडात."

मी टोरोंटोजवळच्या एका रुग्णालयात नर्स आहे. त्याला ग्रुपवर उत्तर द्यायला बसले आणि ते इतकं लांबलं की इथे लिहिते आहे. मला काकांचं पटतं. आमच्याकडे माणसं रोगाला घाबरतात त्याहून जास्त दवाखान्याच्या बंद दाराला घाबरतात. ती भीती अनुभवातून आलेली आहे. तिला अडाणीपणा म्हटलं की पुढचं सगळं चुकत जातं.

१९९४ सालचा सप्टेंबर. पितृपक्ष नुकताच लागला होता. माझे वडील, आप्पा, तेव्हा सुरतला उधन्यात मागावर कामाला होते. खानदेशातल्या निम्म्या घरांचं कुणी ना कुणी सुरतेला असतंच. तिथे प्लेग आल्याची बातमी पसरली आणि चार दिवसांत लाखो माणसं शहर सोडून निघाली. तापी लाइनच्या गाड्या दारात लटकणाऱ्या माणसांनी भरून नवापूर, नंदुरबार, दोंडाईचा, अमळनेर करत येत होत्या. आप्पा दोंडाईच्याला उतरले आणि गावात न येता थेट मळ्यात गेले. आजीनेच तसा निरोप धाडला होता. तिने तिच्या सासूकडून ऐकलं होतं, प्लेगात गाव सोडून रानात झोपड्या टाकतात. सात दिवस माय भाकरी बांधावर ठेवून मागे सरकायची, मग आप्पा येऊन ती उचलायचे. मी दहा वर्षांची होते. पडवीत बसून मी बांधाकडे बघायचे आणि आप्पा तिकडून हात वर करायचे. त्यांच्या खिशात प्लेगवरच्या टेट्रासायक्लिन गोळ्यांची अर्धी पट्टी होती, तीही सुरतेच्या दुकानांतून गायब होण्याआधी मिळालेली.

पुढे नर्सिंग शिकताना कळलं की प्लेगची लक्षणं दिसायला एक ते सात दिवस लागतात. आजीचे सात दिवस बरोबर होते. तिला कुणी शिकवलं नव्हतं, आणि तिला अडाणी म्हणायची माझी छाती नाही.

आप्पा का पळाले, हे मी मोठी झाल्यावर त्यांना विचारलं. ते म्हणाले, "आमच्या गल्लीतला डॉक्टरच दवाखान्याला कुलूप लावून गेला. तोच गेला तर मी कुणाच्या भरवशावर थांबू?" सुरतेत त्या आठवड्यात अनेक खाजगी डॉक्टर असेच निघून गेले होते. प्लेगने तिथे पन्नासच्या आसपास माणसं दगावली. पळाली ती लाखांनी. रोगाचा आकडा कुणाला ठाऊक नव्हता, पण कुलूप सगळ्यांना दिसत होतं.

आता वीस साल. जूनमध्ये जळगावच्या शासकीय रुग्णालयातून ८२ वर्षांची कोरोनाबाधित बाई बेपत्ता झाली आणि आठ दिवसांनी त्याच रुग्णालयाच्या शौचालयात तिचा मृतदेह सापडला. अधिष्ठात्यांसह काही जण निलंबित झाले. ही बातमी वाचली नाही असं खानदेशात एक घर नसेल. सप्टेंबरात आमच्या काकूला ताप आला. तिने हात जोडले, "माले सिव्हिलमा लई जाऊ नको." काका सात दिवस तिच्या उशाशी बसून राहिले. शेवटी तिचा श्वास पुरेना तेव्हा गाडी केली, आणि ती गाडीतच गेली. ग्रुपवर एक ओळ लिहिणारे काका ते हेच. लोकांना उचलून टाका असं लिहिणाऱ्या भावाला हे ठाऊक आहे, तोही त्या गाडीत होता. त्याच्या रागामागेही काकूच आहे: वेळेवर नेली असती तर वाचली असती. दोघांचं दुःख एक, निष्कर्ष उलटे.

आणि कॅनडात बरं होतं का? जळगावची ती बातमी मी वाचली त्याच्या पंधराच दिवस आधी इथल्या सैन्याचा अहवाल जाहीर झाला होता. टोरोंटो ज्या प्रांतात आहे त्या ऑन्टारियोतल्या वृद्धाश्रमांत परिस्थिती हाताबाहेर गेली म्हणून सैन्य पाठवावं लागलं. म्हातारी माणसं घाणीत पडलेली, हाका मारताहेत आणि यायला कुणी नाही, असं सैनिकांनी लिहून ठेवलं. पहिल्या लाटेत या देशात जे मेले त्यांतले दहापैकी आठ अशा संस्थांमधले होते. पैसा होता, इमारती होत्या, तरी म्हाताऱ्या माणसाच्या खाटेपाशी वेळेवर माणूस पोचला नाही. त्या आठवड्यात मला झोप लागायची नाही. दोन्ही बातम्या मला एकाच बाईच्या वाटायच्या.

इथल्या नर्सांना मात्र एक गोष्ट नोकरीच्या पहिल्या महिन्यात ऐकवतात, आणि ती मला घरच्यांपर्यंत पोचवायची आहे. ७ मार्च २००३. टोरोंटोच्या स्कारबरो भागातल्या रुग्णालयात एक माणूस ताप-खोकला घेऊन आला. त्याची आई हाँगकाँगहून परतली होती आणि दोन दिवसांपूर्वीच घरी वारली होती. त्याला आपत्कालीन विभागात इतरांच्या शेजारी रात्रभर ठेवलं. तो सार्स होता, कोरोनाच्याच कुळातल्या विषाणूचा श्वसनाचा आजार. शेजारच्या खाटांवरच्यांना लागला, तिथून पसरत गेला. त्याच दिवशी व्हँकुव्हरच्या रुग्णालयात हाँगकाँगहून आलेला दुसरा माणूस पोचला. त्याला काही मिनिटांत वेगळ्या खोलीत नेलं, नर्सांनी मास्क चढवले, आणि तिथे साथ झालीच नाही. रोग तोच, देश तोच, दिवसही तोच. कॅनडात सार्सने ४४ माणसं गेली, जवळजवळ सगळी टोरोंटोच्या बाजूची. शंभराहून जास्त आरोग्य कर्मचारी आजारी पडले. दोन नर्सा आणि एक डॉक्टर गेले. मे महिन्यात साथ संपली असं म्हणून मास्क उतरवले गेले तेव्हा नर्सा सांगत होत्या की वॉर्डात अजून संशयित आहेत. त्यांचं ऐकलं नाही आणि दुसरी लाट आली. चौकशी आयोगाचे न्यायमूर्ती आर्ची कॅम्पबेल यांनी लिहिलं, पक्का पुरावा मिळेपर्यंत काळजी घ्यायला थांबू नका. आजीने तेच केलं होतं.

त्यानंतर इथे मास्कची चाचणी सक्तीची झाली. दर दोन वर्षांनी मला एका खुर्चीत बसवतात, एन-९५ मास्क लावायला सांगतात आणि डोक्यावरून प्लॅस्टिकची टोपी चढवतात. तिच्यातल्या भोकातून कडू औषधाचा फवारा मारतात. मान डावीकडे, उजवीकडे, वर, खाली. मग मोठ्याने एक उतारा वाचायचा. जिभेला कडू लागलं म्हणजे मास्क गळतोय. पहिल्यांदा मला इतकं कडू लागलं की ठसका आला. त्याआधी तीन आठवडे मी तोच मास्क लावून क्षयाच्या रुग्णाजवळ जात होते. माझा चेहरा लहान, मला लहान मापाचा मास्क लागतो. हे तोवर कुणी तपासलंच नव्हतं. त्या दिवशी मला पहिल्यांदा खरी भीती वाटली. मग लहान माप मिळालं, आणि त्यानंतर रुग्णाच्या खोलीत शिरताना पाय अडखळले नाहीत.

इथली तयारीही कुजते, हे सांगायला हवं. सार्सनंतर ऑन्टारियोने साडेपाच कोटी एन-९५ मास्क साठवले होते. त्यांची मुदत संपली, नवे भरले नाहीत, आणि वीसच्या मार्चमध्ये आम्हाला पाळीला मोजून मास्क मिळाले. मी जिथे काम करते तिथे मास्क कपाटात कुलूपबंद होते. पुन्हा कुलूप.

म्हणून भावाने कॅनडाचं नाव काढलं तेव्हा मला नंदुरबार आठवलं. सुरतेहून येताना आप्पांच्या वाटेवरचं, राज्यात कायम मागास म्हणून गणलेलं. पहिली लाट ओसरत होती तेव्हाच तिथल्या जिल्हाधिकाऱ्यांनी, डॉ. राजेंद्र भारूड यांनी, ऑक्सिजन प्रकल्प उभारायला घेतले. एकवीसच्या एप्रिलमध्ये मोठमोठ्या शहरांत लोक सिलिंडर शोधत फिरत होते तेव्हा नंदुरबारमध्ये ऑक्सिजन होता. त्याहून मला भावली ती 'ऑक्सिजन नर्स'. एका सिस्टरचं काम एवढंच, की खाटेखाटेला जाऊन कुणाला किती ऑक्सिजन हवा ते बघायचं, जास्त असेल तर कमी करायचा, कमी असेल तर वाढवायचा, नळी निसटली असेल तर लावायची. पुढे राज्याने हा नंदुरबार पॅटर्न सगळ्या जिल्ह्यांना घ्यायला सांगितला. खाटेखाटेला जाणारी सिस्टर असेल तर आठ दिवस बेपत्ता राहील असा रुग्ण कुठे उरेल? यंत्राएवढीच ही पायपीट मोलाची आहे.

तेव्हा पोलीस लावा म्हणणाऱ्या माझ्या भावाला माझी विनंती आहे. तू शिक्षक आहेस, तुझा शब्द गावात चालतो. प्रत्येक ग्रामीण रुग्णालयाला रुग्ण कल्याण समिती असते. तिच्या बैठकीला जा आणि विचार, साथ नसतानाच विचार. तापाचा माणूस दारात आला तर त्याला बाकीच्यांपासून वेगळं कुठे बसवणार? ती खोली आज रिकामी आहे की तिच्यात मोडक्या खाटा भरल्यात? वीस-एकवीसला बसवलेला ऑक्सिजन प्रकल्प महिन्यातून एकदा तरी चालवून बघता का? मास्क कुठल्या मापाचे आहेत, मुदत कधीची? सफाई करणाऱ्या मावशींना कुणी मास्क लावायला शिकवलंय का? आणि सगळ्यात आधी हे विचार: नातेवाइकांना आत सोडणार नसाल तर रोज संध्याकाळी त्यांना फोन कोण करणार? त्या माणसाचं नाव आणि नंबर फळ्यावर लिहून घे. काकूला हा नंबर दाखवता आला असता तर ती गाडीत बसली असती असं मला वाटतं. खात्री नाही, पण वाटतं.

माझी वहिनी गावात आशा सेविका आहे. वीस साली कापडी मास्क लावून ती घरोघर ताप मोजत फिरली. तिच्या मास्कची चाचणी कधी झाली नाही, तिच्या प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या कुणाचीच नाही. दिवाळीला मी गावी येते आहे. सामानात ती प्लॅस्टिकची टोपी, कडू औषधाच्या दोन बाटल्या आणि तीन मापांचे मास्क घेतले आहेत. वहिनीने केंद्रातल्या डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, भाऊबीजेनंतर सकाळी या, ओपीडी सुरू व्हायच्या आत. आशांसाठी वाचायचा उतारा मराठीत हवा म्हणाले, आणि मावशींना आधी बसवा.