पेशीला स्वतःपुरतं कळतं, रक्ताचं नाही

सध्या एक मेसेज जोरात फिरतोय. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: ‘कोलेस्टेरॉल हा पेशीपटलाचा आधार आहे. पेशी स्वतःच हवं तेवढं घेते, जास्तीचं नाकारते. मग रक्तातला आकडा वाढला म्हणून घाबरायचं कशाला? उलट कोलेस्टेरॉल कमी करणाऱ्या स्टॅटिनच्या गोळ्यांनी पेशींची उपासमार होते आणि मेंदू सुकतो.’ लिहिणाऱ्याने वाचन केलेलं दिसतं, पण सोयीच्या जागी येऊन तो थांबलाय.

पहिलं वाक्य मान्य. पेशीच्या बाहेरच्या पटलातल्या मेदरेणूंपैकी साधारण ४० टक्के कोलेस्टेरॉलच असतं. यावर वाद नाही.

दुसरं वाक्य अर्धं खरं आहे. पेशी मोजते, पण कुठे? रक्तात नाही. मोजमाप होतं आतल्या आंतर्द्रव्यजालिकेच्या, म्हणजे पेशीत पसरलेल्या पटलांच्या जाळ्याच्या पटलात, जिथे पेशीतल्या एकूण कोलेस्टेरॉलपैकी जेमतेम एखादा टक्का असतो. खुबी यातच आहे. साठा मोठा असतो तिथे थोडी भर पडली तर जाणवतही नाही. मुळात नावापुरतंच असतं तिथे लगेच जाणवते. या पटलात स्कॅप नावाचं प्रथिन एसआरईबीपी नावाच्या दुसऱ्या प्रथिनाला धरून बसलेलं असतं. तिथलं कोलेस्टेरॉल मेदरेणूंच्या सुमारे ५ टक्क्यांखाली उतरलं की स्कॅप एसआरईबीपीला गॉल्जी पिंडात, म्हणजे पेशीतल्या प्रथिनांवर पुढची प्रक्रिया होते त्या भागात पोचवतं. तिथे दोन विकरं (एन्झाइम) त्याला एकामागून एक कापतात. सुटलेला तुकडा केंद्रकात जातो आणि कोलेस्टेरॉल बनवणारी जनुकं चालू करतो. एलडीएल म्हणजे रक्तातून कोलेस्टेरॉल वाहून नेणारे कण; ते उचलणाऱ्या ग्राहीचं, म्हणजे पेशीच्या पृष्ठभागावरच्या प्रथिनाचं जनुकही त्यातच आलं. प्रमाण ५ टक्क्यांवर गेलं की कोलेस्टेरॉल स्कॅपलाच चिकटतं, त्याचा आकार बदलतो आणि इनसिग नावाचं प्रथिन स्कॅपला जागीच अडकवतं. सगळं काम बंद.

आता मेसेजचा तर्क इथे लावून बघा. पेशीचं भागलं की ती ग्राही कमी करते, म्हणजे रक्तातलं एलडीएल उचलणं कमी करते. न उचललेलं एलडीएल जाणार कुठे? रक्तातच फिरत राहणार आणि धमनीच्या अस्तराखाली शिरणार. पेशीचं नाकारणं म्हणजे रक्ताची सुटका नव्हे, उलट रक्तावरचा बोजा.

शिवाय प्रत्येक पेशी नाकारते हेही खरं नाही. धमनीच्या भिंतीतल्या भक्षक पेशी बिघडलेलं एलडीएल वेगळ्याच ग्राहींमधून गिळतात, आणि पोट भरलं म्हणून ते दार बंद होत नाही. त्या मेदाने फुगत जातात. धमनीतल्या थराची सुरुवात होते ती अशा पेशींपासून.

याहून सरळ पुरावा हवा असेल तर एलडीएल ग्राहीच्या जनुकाच्या दोन्ही प्रती सदोष घेऊन जन्मलेली मुलं बघा. त्यांच्या पेशी स्वतःचं कोलेस्टेरॉल स्वतः बनवतात, त्यांना काही कमी पडत नाही. रक्तात मात्र एलडीएलचा महापूर असतो आणि लहान वयातच हृदयविकाराचा झटका येऊ शकतो. याच आजाराचा माग काढताना मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन यांना हा ग्राही सापडला. १९८५चं नोबेल त्यासाठीच. मेसेज ज्या विज्ञानाचा दाखला देतो, ते यांचंच आहे!

उरली स्टॅटिनची उपासमार. स्टॅटिन कोलेस्टेरॉल बनवणाऱ्या एका मुख्य विकराला अडवतं. यकृताच्या पेशीला तूट जाणवते, वर सांगितलेली यंत्रणा जागी होते, ग्राही वाढतात आणि पेशी रक्तातून एलडीएल ओढून घेते. म्हणजे आकडा उतरतो तोच मुळी पेशी आपली तूट भरून काढते म्हणून. काहींचे स्नायू दुखतात हे खरं, आणि ते डॉक्टरांना सांगायलाच हवं. पण त्यातून पेशी उपाशी असल्याचं सिद्ध होत नाही.

मेंदूचं तर गणितच वेगळं आहे. शरीरातल्या कोलेस्टेरॉलचा जवळपास पाचवा हिस्सा तिथे असतो आणि जवळजवळ सगळा तिथेच तयार होतो. रक्तातलं एलडीएल रक्त-मेंदू अडथळा ओलांडून आत जात नाही, त्यामुळे रक्तात ते कमी झालं म्हणून मेंदूचा पुरवठा तुटण्याचा प्रश्नच येत नाही.