ओजेटीचा शिक्का आणि दुधाचं फॅट

मी एम.एस्सी. संख्याशास्त्राला शिकवते. २०२३-२४ पासून नव्या शैक्षणिक धोरणानुसार पदव्युत्तरच्या पहिल्या वर्षात 'ऑन जॉब ट्रेनिंग' आलं. आमच्याकडे सगळे ओजेटी म्हणतात. चार क्रेडिट, म्हणजे १२० तास. या बदलाची मी मनापासून वाट पाहिली होती. आता दरवर्षी टेबलावर प्रमाणपत्रांचा गठ्ठा येतो आणि जीव तुटतो. काकांचं दुकान, ओळखीच्या सीएचं ऑफिस, लेटरहेडवर गोल शिक्का, 'काम समाधानकारक'. मुलानं तिथं काय केलं, हे त्यालाही सांगता येत नाही आणि शिक्का देणाऱ्यालाही.

यात मुलांना बोल लावू नका. तालुक्याच्या गावात कंपन्या कुठून येणार? 'तुमचं तुम्ही शोधा' म्हणून हात आम्ही शिक्षकांनी झटकलेत.

मुलांना बसायला खुर्ची कुणीही देईल. त्यांना मिळायला हवा दुसऱ्याचा खरा प्रश्न. त्याचं उत्तर ज्याला हवंच आहे, आणि उत्तर चुकलं तर 'हे नको' असं जो तोंडावर सांगेल, असा माणूस समोर हवा. समाजकार्याच्या महाविद्यालयांत क्षेत्रकार्य कित्येक वर्षं असंच चालतं. आयआयटी मुंबईचं 'सितारा', म्हणजे ग्रामीण भागासाठीच्या तंत्रज्ञानाचं केंद्र, १९८५ सालचं, तिथल्या एम.टेक.ची मुलं कर्जत-मोखाड्याच्या गावांत जाऊन पाणी योजनांचा अभ्यास करत आली आहेत. आपल्याला जमणार नाही असं त्यात काही नाही.

गेल्या वर्षी चार विद्यार्थी घेऊन मी एका गावच्या दूध संस्थेत गेले. सचिवांची अडचण अशी: केंद्रावर प्रत्येकाच्या दुधाचं फॅट लावून त्याप्रमाणे पैसे देतात, पण तेच दूध टँकरनं दूध संघाकडे गेलं की तिथं फॅट कमी लागतं. तोटा संस्थेच्या अंगावर. मुलांनी तीन आठवड्यांच्या नोंदी उतरवल्या, रोजची सरासरी काढली, रंगीत आलेख केले. सचिवांनी पाच मिनिटं कागद चाळले आणि विचारलं, "दोन लिटरवाला आणि तीस लिटरवाला तुम्ही सारखाच धरला का?"

चौघांच्या माना खाली. भारित सरासरी, म्हणजे ज्याचं दूध जास्त त्याच्या आकड्याला वजन जास्त, त्यांनी बी.एस्सी.लाच शिकलेली, परीक्षेत गणितंही बरोबर सोडवलेली. रात्री बसून लिटरप्रमाणे हिशेब पुन्हा केला, तेव्हा त्यांना दिसलेला फरक बराच आटला. उरला तो खरा होता.

त्याचं कारण सापडलं आमच्या एका विद्यार्थिनीला. ती त्याच गावची, घरी तीन गाई. आठवडाभर पहाटे केंद्रावर उभी राहिली. किटल्या रांगेत थांबतात, तेवढ्यात स्निग्धांश वर चढतो, आणि गर्दीत न ढवळताच वरचं दूध नमुन्याला घेतलं जातं. मग केंद्रावर फॅट जास्त लागणारच. पुढचा आठवडा प्रत्येक किटली ढवळून नमुने घेतले आणि टँकरशी आकडे जुळत आले.

पण ढवळल्यावर काही घरांचे पैसे कमी होणार होते. त्यात तिचंही घर होतं. तिनं मला विचारलं, "मॅडम, हे लिहायचंच का?" मी म्हटलं, अहवाल तुझा आहे, तू ठरव. तिनं लिहिलं. चाळीस वर्षांचा पाठ्यक्रम पुरा केला असता तरी तो प्रश्न मी तिच्यासमोर ठेवू शकले नसते.

माझी मागणी साधी आहे. ओजेटीचे प्रश्न विभागानं स्वतः गावोगाव फिरून आणावेत. त्यात जाणारा शिक्षकाचा वेळ वर्कलोडमध्ये धरावा; आमच्याकडे तो धरत नाहीत, म्हणून कुणी जात नाही. आणि निम्मे गुण तरी ज्या संस्थेनं प्रश्न दिला तिच्या हातात असावेत.

अहवाल त्या मुलीनंच संस्थेच्या सभेत वाचला. मला धाकधूक होती. सगळं ऐकून घेतल्यावर मागच्या रांगेतले एक आजोबा उठले. "पोरी, आम्ही ढवळून देऊ. पण मग मशीन बरोबर दाखवतंय का, हे पण तूच तपास."

यंदाच्या तुकडीनं ते काम घेतलंय.