पाठ थोपटणं वेगळं, जामीन राहणं वेगळं

रविवारी उपासना सुटली की चर्चच्या अंगणात सुरू होतं, "काय सुंदर साक्ष दिलीत!", "मुलगी किती गोड गायली!" चांगलंच आहे, मीही करतो. पण हेच उत्तेजन देण्याचं कृपादान, म्हणजे देवानं सेवेसाठी दिलेली देणगी, असं कुणी म्हणालं की माझी हरकत असते. सकाळी सहाला व्हॉट्सॲपवर येणारं सूर्योदयाच्या फोटोवरचं वचनही मी त्यात धरत नाही.

बायबलमधल्या रोमकरांस पत्राच्या 12व्या अध्यायात पौल कृपादानं मोजतो, तेव्हा शिकवणाऱ्याच्या लगेच पुढे बोध करणारा, धीर देणारा येतो. आमच्याकडे उपदेश करणाऱ्याला पुढची खुर्ची मिळते, गाणाऱ्याला माईक. धीर देणारं माणूस बहुधा मागे चहाची भांडी आवरत असतं.

बायबलमधल्याच बर्णबाकडे बघा. सायप्रसचा लेवी, म्हणजे मंदिराची सेवा करणाऱ्या वंशातला, मूळ नाव योसेफ. बर्णबा, म्हणजे धीर देणारा, हे नाव येशूच्या प्रेषितांनी दिलं. शौल (हाच पुढे पौल म्हणून ओळखला गेला) यरुशलेमेत आला तेव्हा येशूचे शिष्य त्याला टरकून होते, आणि का नसावेत? कालपर्यंत हाच घरात घुसून माणसं धरून नेत होता. बर्णबा त्याला घेऊन थेट प्रेषितांपुढे गेला आणि त्याच्यासाठी शब्द टाकला. शौलानं दगा दिला असता तर बर्णबाची पत गेली असती. पुढे अंत्युखियात काम वाढलं, तेव्हा शौलाला शोधायला तो स्वतः तार्सला गेला.

आपल्या गोव्यातलंच उदाहरण हवं असेल तर बाणावलीत 1651 साली जन्मलेले कॅथलिक पाद्री जोसेफ वाझ. आम्हा प्रोटेस्टंटांत संतांची नावं फारशी निघत नाहीत, पण हे काढायलाच हवं. सिलोनमध्ये (आजच्या श्रीलंकेत) डचांनी कॅथलिक धर्मावर बंदी घातली होती (ते डच आमच्या बाजूचे, हेही सांगून टाकतो) आणि तिथल्या श्रद्धावंतांना पाद्री उरला नव्हता. 1687 मध्ये वाझ वेष पालटून जाफन्यात उतरले. गळ्यात जपमाळ घालून दारोदार भीक मागत फिरायचे. माळ बघून कुणाच्या चेहऱ्यावर ओळख उमटते, ते बघायचे. गोव्यात बसून धीराची पत्रं लिहिता आली असती. ते गेले, कँडीत कैदेत पडले, देवीच्या साथीत रोग्यांची शुश्रूषा केली आणि 1711 मध्ये तिथेच वारले.

एवढं मोठं नको असेल तर आमच्या वास्कोच्या मंडळीतल्या एक निवृत्त नर्सबाई घ्या. एक पोरगा बारावीला आपटला. सगळे म्हणाले, "देव मार्ग काढील." बाई त्याला मार्केटजवळच्या हॉटेलात घेऊन गेल्या, मिक्स भाजी-पाव मागवला आणि त्याचं खाणं होईपर्यंत निकालाचा शब्द काढला नाही. मग पिशवीतून आयटीआयचा फॉर्म काढून तिथेच, तेलाचा डाग चुकवत, भरून घेतला. पुढे एका गॅरेजवाल्याला म्हणाल्या, "माझ्या भरवशावर ठेव. नाही जमलं तर मला सांग, त्याला बोलू नको."

कुणी म्हणतं, अशानं माणसं लाडावतात. पौलाचंही त्यांचा तरुण सोबती योहान मार्क याच्याबद्दल तेच मत होतं. पंफुल्यात प्रचाराचा दौरा अर्ध्यावर सोडून गेलेल्याला पुन्हा बरोबर कशाला? बर्णबा हटला नाही. दोघांत इतका तंटा झाला की वाटा वेगळ्या झाल्या आणि बर्णबा मार्काला घेऊन सायप्रसला निघून गेला. म्हणजे धीर देणारा माणूस गोड बोलणाराच असतो, हेही खरं नाही. नंतर आपला शिष्य तीमथ्य याला लिहिताना पौल मार्काला बरोबर घेऊन यायला सांगतो, कारण तो सेवेसाठी उपयोगी आहे!

आता कामाचं. आमच्या मंडळीतला एकजण व्यसनमुक्ती केंद्रातून परत आलाय. शेवटच्या बाकावर बसतो. त्याला वचनं पाठवणारे पुष्कळ आहेत, कामावर ठेवायला अजून कुणी तयार नाही. गाडी उत्तम चालवतो, लायसन्स आहे. वास्को-दाबोळी भागात कुणाकडे ड्रायव्हरचं काम असेल तर मला इनबॉक्स करा. त्याच्याबद्दल जे काय विचारायचं असेल ते मलाच विचारा.