पुन्हा तेच ९९९९९९९९९९

‘मोबाइल नंबर १० आकडी हवा’ एवढा नियम लावला की ग्राहकांची यादी स्वच्छ झाली, असं मानणाऱ्यांना कोपरापासून नमस्कार! फॉर्म पुढे सरकावा म्हणून ठोकलेले ९९९९९९९९९९ हेसुद्धा दहाच आकडे आहेत हो. ‘सुरुवात ६ ते ९ ने हवी’ या चाळणीतूनही ते सहीसलामत सुटतात. सगळे आकडे सारखे असतील तर अडवा, ही एक ओळ जास्त लिहायला काय जातं?

उलट खरा नंबर ‘+९१’ किंवा मधल्या स्पेससकट आला की ‘नंबर चुकीचा’ अशी लाल पट्टी. अरे, आधी ते काढून टाका, मग मोजा!

जीएसटी नंबरचं तर विचारूच नका. फक्त १५ अक्षरं मोजतात. पहिले दोन आकडे राज्याचा कोड (महाराष्ट्र २७, गोवा ३०), पुढची दहा अक्षरं म्हणजे पॅन, शेवटचं अक्षर पडताळणीचं, म्हणजे आधीच्या १४ अक्षरांवरून गणिताने निघणारं. ते गणित केलं, तर शून्याच्या जागी टाइप झालेला ‘ओ’ तिथल्या तिथे सापडतो. पण नाही!

ईमेल मात्र सक्तीचा. किराणा दुकानदाराकडे नसतोच, मग काउंटरवरचा माणूस काहीतरी ठोकून मोकळा.

आणि एक्सेलमध्ये नियम लावून निर्धास्त बसलेले? दुसऱ्या, नियम नसलेल्या सेलमधून (चौकटीतून) साधं कॉपी-पेस्ट केलं की तो नियम तपासत तर नाहीच, वर स्वतःच पुसला जातो.