वर्षात तीन बेअरिंग कसे घालवावेत?

गाडीचं व्हील बेअरिंग, म्हणजे चाक ज्यावर फिरतं ते छर्‍यांचं कडं, नीट बसवलं, तर लाखभर किलोमीटर सहज ओढतं. म्हणजे पाच-सात वर्षं मेस्तरीची भेट नाही, त्याच्या बाकड्यावरचा चहा नाही. असलं एकलकोंडं आयुष्य काय कामाचं? मी गेल्या वर्षात एकाच गाडीचं बेअरिंग तीनदा बदललंय, तेव्हा या विषयात चार शब्द माझे ऐकाच.

बेअरिंग दाबून बसवायचं प्रेस मशीन असलेल्या गॅरेजच्या वाऱ्यालाही उभं राहू नका. आपल्याला घणवाला मेस्तरी हवा. नकलमध्ये (चाकाला धरून ठेवणाऱ्या भागात) बेअरिंग बसवताना बाहेरची रेस, म्हणजे बाहेरची कडी, दाबायची असते, तीही सरळ, सगळीकडून सारखी. आमचा मेस्तरी आतल्या रेसवर पहार टेकवतो आणि वरून हाणतो. ठण्ण! तो घाव आतल्या रेसवरून छर्‍यांवर जातो, छर्‍यांवरून बाहेरच्या रेसवर, आणि आरशासारख्या त्या पोलादी वाटेवर छर्‍यांचे बारीक बारीक खड्डे उमटतात. गाडी अजून गॅरेजच्या बाहेरही पडलेली नसते. पुढे दोन महिन्यांनी आवाज सुरू झाला की शिव्या मात्र रस्त्यावरच्या खड्ड्यांना घालायच्या. (त्या खड्ड्यांचीही पापं आहेतच; पण हे घरचे खड्डे कुणी मोजत नाही.)

चाकाचा मधला नट जुनाच लावा. बऱ्याच गाड्यांत तो दरवेळी नवा घालायचा असतो आणि टॉर्क रेंचनं मापात आवळायचा असतो. आपण पान्याला चार फुटी पाइप लावून त्यावर पोऱ्याला उभं करतो. पोऱ्या जेवून आलेला असेल तर जास्त आवळतो, उपाशी असेल तर सैल राहतो. एबीएसची (ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारी) गाडी असेल तर बेअरिंगची चुंबकाची बाजू सेन्सरकडे आहे की नाही, हे बघूच नका. डॅशबोर्डवर एक पिवळा दिवा कायमचा लागतो, रात्री सोबत होते.

आता वापर. वैशाखात जळगावचं ऊन डोक्यावर घेऊन गाडी पळवा, हब (चाकाचा मधला भाग) तापू द्या आणि तशीच तापीच्या पाण्यात घाला, पोळ्याचा बैल धुवावा तशी. तापलेल्या हबमधली हवा गार पाण्यात आकसते आणि सीलच्या फटीतून पाणी आत ओढून घेते. ग्रीसचं ताक होतं. नदी लांब असेल तर वॉशिंग सेंटरवाल्याला सांगा, प्रेशरची नळी थेट चाकाच्या मध्यावर धर.

चाकं बाहेर काढणारे स्पेसर लावा. बेअरिंगवरचा ताण वाढतो आणि पुतण्यांत वजनही वाढतं. दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या घोडेबाजाराच्या यात्रेला पाच सीटच्या गाडीत नऊ जण न्या. येताना घोडा तेवढा टपावर घ्यायचा राहिला, याची मला अजून चुटपुट आहे.

एवढं केल्यावर धुळ्याच्या वाटेला लागा. एरंडोलपर्यंत वाटतं टायरचा आवाज असेल. पारोळ्याच्या पुढे बायको विचारते, विमान चाललंय का? खिडकी वर करा, गाणी मोठी करा. हलकेच उजवीकडे वळवल्यावर घूं घूं वाढत असेल तर भार डाव्या चाकावर गेलेला असतो, म्हणजे बहुतेक डावंच गेलेलं. तेव्हा आठवणीनं उजवं बदलून घ्या. मी दुसऱ्या वेळी तेच केलं. एक चांगलं बेअरिंग त्यामुळे फुकट सुटलं.

तिसऱ्या वेळी मेस्तरीनं चाक जॅकवर घेतलं, वर-खाली हलवलं. चाक खडखडलं.

"काय भो, रस्तेच खराब झाले आपल्याकडचे," तो म्हणाला, आणि पोऱ्याला घण आणायला पाठवलं.